माळ्यावरचं पितळ

कुंदाबाई बोरसे हिशेबात चुकत नसत. बी.कॉम. होऊन त्या धुळ्यात पाचकंदिलाजवळच्या तोतारामशेठ नेरकरांच्या भांड्यांच्या दुकानात लागल्या, तेव्हा पेढीवर बाईमाणूस बसलेलं बघायला लोक उगाच दारात रेंगाळत. मग लोकांना सवय झाली. आदल्या दिवसाचा रोजमेळ जुळल्याशिवाय कुंदाबाई जेवणाचा डबा उघडत नसत, त्याचीही दुकानाला सवय झाली. शेठ त्यांना ताई म्हणत आणि थोडे बिचकूनही असत.

एकोणीसशे त्र्याण्णव साली शेठनी संगणक घेतला. घेतला म्हणजे, जावयाने गळ्यात मारला. बरेच दिवस तो प्लॅस्टिकच्या झाकणाखाली नव्या सुनेसारखा तोंड झाकून बसला होता. शेठचा पुतण्या पितांबर येता-जाता म्हणे, "काका, याच्यावर क्रिकेट दिसत नाही तर घेतला कशाला?"

कुंदाबाईंनी चाळिशीच्या तोंडावर क्लास लावला. कॉलेजातल्या पोरापोरींत बसून त्या स्प्रेडशीट शिकल्या. एका घरातला आकडा बदलला की त्यावर टेकलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अशा हरखल्या की शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?"

दिवाळीनंतर त्यांनी सगळं दुकान मोजून त्या पडद्यावर चढवलं आणि शेठना शेजारी बसवलं.

"हे बघा. वर्षभरात जो माल विकला, तो आपल्याला केवढ्याला पडला होता ते इथं. त्याला सरासरी शिल्लक मालाने भागलं की माल वर्षात किती फेरे फिरला ते येतं. स्टीलची ताटं सहा फेरे फिरली. आता बाराला सहाने भागा."

"दोन."

"म्हणजे कपाटात दोन महिने पुरतील एवढी ताटं आहेत."

"आणि पितळी पराती?"

"अर्धा फेरा. दोन वर्षं पुरतील."

"म्हणजे दोन वर्षं मागवायच्याच नाहीत?"

"तेच सांगतेय मघापासून."

शेठ हसले. "आमच्या वडिलांना हे नुसतं बोट फिरवून कळायचं. भांड्यावर धूळ किती, त्यावरून."

"तुम्हाला कळतं का?"

"नाही बुवा."

शेठना जळगावला दुसरं दुकान काढायचं होतं. ते कोणी चालवायचं, हे मार्चअखेर ठरणार होतं. पितांबरने धरलंच होतं की ते आपलं. पण ही शीट पाहिल्यावर शेठ म्हणाले, "ताई, सगळ्या दुकानाचं असं एका कागदावर आणून दाखवा. मग बोलू." कुंदाबाईंनी घरी जाऊन नवऱ्याला, सुकदेवरावांना, सांगून टाकलं की जळगावला बदलीचा अर्ज करून ठेवा. दुसऱ्याच्या गादीशेजारी बसून त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. हे दुकान त्यांना हवं होतं, आणि हवं असण्यात काही पाप नव्हतं.

अडलं ते माळ्यावर.

दुकानाच्या मागच्या अंगाला लाकडी माळा होता. त्यावर पितळेची भांडी होती. हंडे, घागरी, पराती, कळश्या. ती दुकानाची होती आणि नव्हतीही. थाळनेर, शिरपूर, नरडाणा या बाजूच्या बाया कापूस विकला गेला की एखादं भांडं पसंत करत, पैसे भरत, त्यावर लेकीचं नाव टाकून घेत आणि भांडं तिथेच ठेवून जात. लेकीचं लग्न ठरलं की सगळी एकदम न्यायची. पावतीही तेव्हाच फाडायची, अशी शेठच्या वडिलांपासूनची रीत. त्यामुळे कागदावर तो माल दुकानाचाच.

घरी का नेत नाहीत, हे कुंदाबाईंना ठाऊक होतं. थाळनेरच्या रुक्माबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यांचा नवरा पुना, माणूस हसरा, कामसू, पण त्याला पत्त्यांचा नाद. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की खानदेशात पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही, आणि पुनाची आखाजी वैशाखापुरती थांबत नसे. घरातलं पितळ एकेक करून मोडीत जायचं. म्हणून रुक्माबाई दर आखाजीच्या आधी पदराखाली पैसे घेऊन येत आणि एक भांडं माळ्यावर चढवून जात. प्रत्येकावर एकच मजकूर: 'बेबीस आईकडून'.

आता शीटमध्ये काय झालं पाहा. माळ्याच्या ओळीत विक्री शून्य, म्हणून फेरे शून्य. बाराला शून्याने भागायला सांगितल्यावर संगणकाने तिथे 'एरर' लिहिलं. तेवढ्यावर थांबता तर ठीक होतं. पण खाली सबंध दुकानाची सरासरी होती, तिथेही एरर. चार महिने खपून केलेल्या कागदाच्या तळाशी, जिथे शेठ पहिली नजर टाकणार, तिथे एरर.

पितांबरने मागून डोकावून वाचलं. "मॅडम, एवढं शिकून उत्तर एरर? हे तर मी न शिकता सांगितलं असतं."

ती ओळ वगळायला एक बोट पुरलं असतं. पण कुंदाबाईंना ते खोटं वाटलं. माल छताखाली आहे तर कागदावर पाहिजे, आणि कागदावर नको असेल तर छताखालीही नको. अशी त्यांची शिस्त. आयुष्यभर या शिस्तीने त्यांचं भलं केलं होतं, म्हणून त्यांनी या वेळीही तिचंच ऐकलं. भांडी ज्यांची त्यांनी घेऊन जावीत, म्हणजे पावत्या फाटतील, माळा रिकामा होईल.

शेठ म्हणाले, "त्या बायांना विचारून करा हं."

"निरोप पाठवते," कुंदाबाई म्हणाल्या.

निरोप त्यांनी पाठवलाही. थाळनेरच्या गाडीचा कंडक्टर मगन दुकानासमोर चहा प्यायला यायचा. त्याला सांगितलं, "रुक्माबाईंच्या घरी सांगा, भांडी मार्चच्या आत घेऊन जा म्हणावं." घरी सांगा. आमच्याकडे निरोप घरी द्यायचा म्हणजे कोणाला द्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मगन पारावर उतरला आणि पुनाला सांगून मोकळा झाला. तो दुसरं काय करणार? कुंदाबाई शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांना हे सुचू नये? सुचलं नाही. डोळ्यापुढे तो तळचा रकाना होता.

आठवड्यात पुना हजर. पांढरी टोपी, हातात नारळ. आपलं पितळ दुकानात आहे हे कळल्याचा आनंद तोंडावर मावत नव्हता.

"ताई, आमना भांडा शेत ना इथे? बहू उपकार झायात तुमना."

"रुक्माबाई नाही आल्या?" कुंदाबाईंनी विचारलं. पुढे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे: निरोप कोणाला पोचला ते त्यांना तेव्हाच कळलं होतं.

"ती कपाशी उपटाले गई. मी शे ना."

"त्या आल्या की देते."

पुना दुखावल्यासारखा झाला. "मंग मी कोन शे, ताई?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. पितांबर गादीवरून म्हणाला, "घरधन्याला माल द्यायचा की नाही, हे पण त्या संगणकाच्या डब्याला विचारायचं का मॅडम?"

कुंदाबाईंनी डब्याकडे पाहिलं. एरर. मग त्यांनी शिडी लावायला सांगितली.

भांडी खाली आली, पुसली गेली, ओळीने मांडली गेली. पुना त्यांच्याभोवती फिरला, एक परात उचलून तिचं वजन हातानं जोखलं आणि म्हणाला, "हाई कोन लई जाई बसमा? मोडमा धरी ल्या." मोड दुकान घेतच असे. कुंदाबाईंनी वजन केलं, भाव लावला, सही घेतली. सगळं चोख. त्या आठवड्यात मोडीचा ट्रक नाशिककडे गेला. माळ्यावरच्या बाकीच्या भांड्यांच्या पावत्या, न्यायच्या आधीच, फाडल्या, तेव्हा माळ्याच्या ओळीत विक्री आली आणि तळाशी स्वच्छ आकडा उमटला. शेठनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, "जळगाव तुमचं."

रुक्माबाई आखाजीच्या आधी आल्या. या खेपेला तोंडावर हसू होतं. पुनाने घरी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

"ताई, आंडेरनं, बेबीनं, लगन जमनं. नंदुरबारकडचं ठिकान शे. बठ्ठा भांडा काढी दे, जीप बाहेर उभी शे."

कुंदाबाईंना वाटलं होतं, आपण बसवून, पाणी देऊन, हळूहळू सांगू. पण त्यांच्याने एवढंच बोलवलं, "पुनाभाऊ आले होते."

रुक्माबाईंनी माळ्याकडे पाहिलं. मग वजनकाट्याकडे.

"तुले म्हाईत व्हतं ना, ताई?"

"हो."

शेठ गादीवरून उठून आले. तेवढ्याच वजनाची नवी भांडी, नाव टाकून, आजच्या आज देतो म्हणाले. कुंदाबाई म्हणाल्या, ती माझ्या पगारातून जातील, मी स्वतः थाळनेरला घेऊन येते. रुक्माबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं.

"आंडेरले माय देस," त्या म्हणाल्या. "दुकान देत नही."

पदराखालचे या वर्षीचे पैसे त्यांनी पदराखालीच ठेवले आणि बाहेर जाऊन जीप रिकामी परत पाठवली. स्वतः एस.टी.ने गेल्या.

ही गोष्ट गावोगाव पोचली, मग बाया येऊ लागल्या. आखाजीपर्यंत रोज कोणी ना कोणी. दुकानात शिरताना चपला काढत, शेठना हात जोडत आणि माळ्याकडे बोट दाखवत. कुंदाबाई शिडीवर चढून एकेक भांडं स्वतः खाली देत. नाव वाचून दाखवत, कारण बऱ्याचजणींना वाचता येत नव्हतं. त्यांना वाटत होतं, एखादीने तरी तोडून बोलावं. कोणी बोललं नाही. "कुठं ठेवणार आता?" असं विचारलं की उत्तर यायचं, "ठेवसूत कोठे बी." चाऱ्याच्या गंजीत, भावाच्या घरी, विहिरीच्या खोलीत. जिथे पुनासारख्यांना दोन दिवसांत सापडणार नाही अशा जागा गावात किती असतात?

जळगावचं दुकान कुंदाबाईंनी पुढे फार चांगलं चालवलं. सावद्याचे केळीवाले, दीपनगरच्या कॉलनीतल्या बाया, सगळे त्यांच्याकडे येत. फेऱ्यांचा आकडा पितांबरला कधी जमला नाही असा. बेबीच्या लग्नाला मात्र त्यांना कोणी बोलावलं नाही आणि न बोलावता जायचं धैर्य झालं नाही. माझ्या मते जायला हवं होतं. फार तर दारातून परत यावं लागलं असतं.

त्या वर्षी माळ्यावर शेवटी एक घागर उरली होती, द्रौपदाबाई नावाच्या नरडाण्याच्या म्हातारीची, नातीसाठी ठेवलेली. म्हातारी आखाजीच्या आदल्या दिवशी आली. उन्हाने लाल झालेली, दमलेली. कुंदाबाईंनी तिला बाकावर बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला, माठातलं पाणी दिलं. आणि घागर खाली न काढता म्हणाल्या, "अक्का, एवढी एक राहू द्या इथं. आता मी कोणालाही देणार नाही. मी आहे ना."

म्हातारीने पाणी संपवलं. भांडं उलटं करून बाकावर ठेवलं.

"तू शेस म्हनीसनच मी लई जास, माय," ती म्हणाली. रागाने नाही, समजूत घालावी तशी.

मग तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वाट पाहत उभी राहिली. कुंदाबाई शिडी चढल्या, घागर घेऊन उतरल्या आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर दिली.