हवेत थांबलेला कोयता

अन्याय झाला तो आमच्या कोळीण मावशीवर. गेल्या वर्षी, गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर. सणात बंद असलेले मासे त्या दिवशी घरात येणार म्हणून आई टोप घेऊन खाली उतरली होती. मावशी गोराईहून पाटी घेऊन आलेली. आणि वॉचमन म्हणाला, "आत सोडायचं नाही, कमिटीची ऑर्डर आहे." मला कळतंय तेव्हापासून ही बाई आमच्या जिन्याखाली बसते!

कारण काय, तर एक स्टुडंट फिल्म. बी विंगमधल्या मित्राने, माझ्याच वर्गातल्या, कॉलेजच्या एडिटिंगच्या असाइनमेंटसाठी केलेली. सरांनी सांगितलं होतं, टेन्शन तयार करा. त्याने केलं. मावशीचा कोयता वर जातो, क्लोजअप. त्याच्या दुसरीतल्या बहिणीचे विस्फारलेले डोळे. कोयता हवेत थांबलेला. पुन्हा डोळे. कोयता, आणखी जवळून. मग काळा पडदा आणि नुसता आवाज, खट्. गणपतीच्या मांडवात ती दाखवली तेव्हा बायका किंचाळल्या. वासावरून वर्षानुवर्षं कुरकुरणाऱ्या सेक्रेटरी काकांचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. आता त्यांना आयता पुरावा मिळाला. "मुलांसमोर हत्यारं? सगळ्यांनी पाहिलंय."

काय पाहिलंय? पाच-सहा शॉट एकापुढे एक लावलेले पाहिलेत. त्याला पाहणं म्हणत नाहीत.

मी तडक मित्राच्या घरी गेले. "तुझ्या फिल्मने एका बाईचा धंदा बंद केलाय, कळतंय का तुला?"

"अगं, एक्झरसाइज होता यार तो. मी थोडीच म्हटलं ती वाईट आहे!"

"तू म्हटलं नाहीस रे, तू कापलंस. लॅपटॉप उघड. सगळं फुटेज दाखव."

सोफ्यावरून बहीण ओरडली, "मी मावशीला घाबरलेच नव्हते! दादाने मला डब्यातलं झुरळ दाखवलं!"

"तू गप गं," दादा म्हणाला.

पायरीवर ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलने लांबून सलग शूट केलं होतं. ते कुणी पाहिलंच नव्हतं. त्यात मावशी सुरमई कापतेय, ही पोरगी शेजारी उकिडवी. मावशीने कोयता उचलला आणि नेमकं तेव्हाच पोरीने माशाच्या डोळ्याला हात लावायला बोट पुढे केलं. कोयता हवेत थांबला. "बोट काढ गं बाय, नाहीतर तुझंच कालवण करीन." पोरगी खिदळली, हात मागे घेतला, तेव्हा कुठे कोयता खाली आला.

ज्या थांबण्याला सगळी सोसायटी घाबरली, ते पोरीचं बोट वाचवण्यासाठी होतं.

मित्राने तो शॉट मागे नेऊन पुन्हा चालवला. मग म्हणाला, "हा तर जास्त भारी शॉट आहे."

"मग लाव ना!"

आम्ही फिल्म पुन्हा कापली. सुरुवात तीच, कोयता वर, क्लोजअप. मग तो लांबचा शॉट, कुठेही न तोडता. बोट आणि कोयता एकाच फ्रेममध्ये. टेन्शन कमी नाही झालं, वाढलं. आता पडद्यावर खरंच एक बोट होतं.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी ती सोसायटी ऑफिसच्या भिंतीवर दाखवली. बोट पुढे आलं तशी एक काकू "अगंबाई" म्हणाल्या. कालवणाच्या वाक्याला सगळे हसले. सेक्रेटरी काका हसले नाहीत. "ते ठीक आहे, पण वासाचं काय?"

"म्हणजे मुलांची काळजी नव्हतीच," मी म्हटलं. "मग ऑर्डरमध्ये वास लिहा काका, आणि खाली सही करा."

त्यांनी सही केली नाही, आणि कमिटीने ऑर्डर मागे घेतली. दुसऱ्या दिवशी मावशी जिन्याखाली बसली होती. मला पाहून म्हणाली, "पिच्चरमध्ये बरी दिसते का गं मी?"

"झकास दिसतेस."

तुमच्या गेटवरही आज कुणीतरी पाटी घेऊन उभं असेल, कारण तुम्हाला कुणीतरी फक्त क्लोजअप दाखवलाय. कमिटीकडे पूर्ण शॉट मागा. आणि तो येईपर्यंत वाट बघत बसू नका. खाली उतरा, गेट उघडा, तिला आत घ्या.