गोल कोपऱ्याचं माप

दादाचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपुरात भाजी घेऊन घरी परतत होते. रविवारी सकाळी दादा कधी फोन करत नाही. त्या वेळी त्याच्याकडे उषावहिनींचा वर्ग चालू असतो आणि घरात मोठ्यानं बोलायची त्याला मनाई असते. "शुभा, उषा गेली गं," एवढंच तो म्हणाला... मागे कुणीतरी मुलगी रडत होती. मुली नेहमीसारख्या शिकायला आल्या होत्या. वहिनी खुर्चीत टेकल्या, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत त्यांनी मान टाकली. दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. धुळ्याहून जळगावला मी कशी पोचले ते आठवत नाही. पिंप्राळ्यात दादाच्या घरापाशी रिक्षातून उतरले, तर पायरीवर मुली एकमेकींना धरून बसल्या होत्या. एकही घरी गेली नव्हती.

उषावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर रावेरकडचं, केळी-कापसाचं. त्या काळात त्या घरातल्या मुलीनं आयटीआयला जाऊन यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकायचं, हे गावाला चमत्कारिक वाटलं होतं. आम्ही त्यांना पाहायला गेलो तेव्हा आईनं विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" वहिनी म्हणाल्या, "येतो. तुमच्या गिरणीचं ड्रॉइंगसुद्धा काढून देईन." आमची गिरणी वगैरे काही नव्हती, दारात भावाची सायकल तेवढी होती. पण आई परतीच्या वाटेवर हसत राहिली आणि लग्न ठरलं.

जळगावात प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. पहिली बरीच वर्षं ड्रॉइंगच्या पाटीवर कागद ताणून, पेन्सिलीनं काम. मग कारखान्यात संगणक आला आणि पाटी अडगळीत गेली. वहिनींना ते जड गेलं. "कागदावर रेष कुठे संपली ते बोटाला कळतं हो, इथे काहीच हाताला लागत नाही," असं त्या म्हणायच्या. तरी शिकल्या. कारखान्यातल्या निम्म्या वयाच्या मुलांना न लाजता विचारून शिकल्या.

मग त्यांच्या माहेरच्या बाजूच्या काही केळी उत्पादकांनी मिळून एक काम आणलं. केळीच्या फण्या ठेवायला त्यांना वेगळा क्रेट हवा होता. बाजारातल्या क्रेटचे आतले कोपरे टोकदार असत, फणी त्यांवर घासली की साल काळी पडे आणि व्यापारी तो माल बाजूला काढी. कोपरे चांगले गोल हवेत, एवढीच त्यांची मागणी होती. वहिनींनी ते काम मागून घेतलं. लहानपणी केळीच्या पानावर फण्या रचताना एखादी घासली की वडील कसे ओरडायचे, ते त्यांना आठवत होतं.

साच्याचे दोन भाग असतात. एक बाहेरचा, पोकळ. दुसरा त्याच्या आत जाणारा. दोन्हींचे कागद वेगवेगळ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेले. तयार भाग समोरासमोर ठेवले, तर आत जायचा तो बाहेरच्यापेक्षा मोठा! कारखान्याचे शेठ संतापले. बाहेरचा भाग मशीनवर कापला होता नामदेवभाऊंनी, दोंडाईचाकडच्या एका वयस्कर कारागिरानं. "तुम्हाला कागद वाचता येत नसेल तर उद्यापासून येऊ नका," शेठ सगळ्यांदेखत बोलले. नामदेवभाऊ खाली मान घालून उभे राहिले. वहिनींनी तो कागद मागवला, टेबलावर पसरला आणि त्यांना आपलीच चूक दिसली.

तेव्हा सुट्टीमुळे मी पिंप्राळ्यातच होते. संध्याकाळी त्या घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. चपलाही काढल्या नव्हत्या. मी विचारलं, "काय झालं वहिनी?" त्यांनी फळीवरचा स्टीलचा ट्रे काढला, गोल कोपऱ्यांचा. ओट्यावर ठेवला आणि त्याच्या दोन बाजूंना चिकटवून दोन लाटणी लावली. ट्रेचा कोपरा आत वळला होता आणि लाटणी सरळ पुढे जाऊन बाहेर, मोकळ्या जागी एकमेकांना भिडली होती.

"हे बघा शुभाताई, माप इथून धरायचं असतं. दोन्ही कडा सरळ वाढवल्या की जिथे भेटतात तिथून. गोलाई किती ते वेगळं लिहायचं. संगणकावर बाहेरच्या भागाचे कोपरे मी आधी गोल केले आणि माप नंतर टाकलं. त्यानं रेषेचं टोक पकडलं... पण कोपरा गोल केल्यावर रेष वळणाच्या आधीच संपते ना. दोन्हीकडून माप वळणाएवढं कमी लागलं. चित्र बरोबर, आकडा चुकलेला. नामदेवभाऊंनी जो आकडा दिसला तसं कापलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर. म्हटलं, शेठ, त्यांना कागद वाचता येतो, मलाच लिहिता आला नाही."

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि रडल्या. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण त्याहून, आपल्या आकड्यासाठी त्या म्हाताऱ्या माणसाला ऐकून घ्यावं लागलं, हे त्यांना सोसत नव्हतं. दादा म्हणाला, "आता जेव तरी." त्यांनी ताटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या तेव्हा नामदेवभाऊ फाटकातच थांबले होते. "ताई, घाबरू नका. लोखंड शिल्लक शे. आखो काढता यी." पोकळी लहान कापली गेली होती, म्हणजे लोखंड अजून जागेवरच होतं, आणखी कापता येणार होतं. मोठी कापली गेली असती तर मात्र सगळाच ठोकळा वाया गेला असता. वहिनींनी कागद नव्यानं काढला, नामदेवभाऊंच्या शेजारी उभं राहून प्रत्येक माप त्यांना बोलून दाखवलं आणि साचा जुळला. शेठनी नोकरी ठेवली. पुढे तो क्रेट रावेरकडे इतका चालला, की वहिनी माहेरी गेल्या की लोक त्यांना क्रेट दाखवायला आणत, जणू त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता!

त्या साच्यानंतरच त्यांनी घरी संगणकावरच्या ड्रॉइंगचा रविवारचा वर्ग सुरू केला. "मला कुणी हे सांगितलं नाही, म्हणून चुकलं. या मुलींना कुणीतरी सांगायला हवं," हे त्यांचं कारण. आयटीआयच्या, तंत्रनिकेतनाच्या मुली येत. वहिनी पैसे घेत नसत. कुणी बटण विसरली तर त्या चिडत नसत, पण "संगणकानंच तसं दाखवलं" असं कुणी म्हटलं, की आवाज चढायचा. "कागदाखाली नाव कुणाचं आहे? संगणकाचं?"

त्यांच्यातली एक ललिता. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. आईवडील पाऊस असेल तोवर स्वतःच्या तुकड्यावर, मग केळीच्या बागांत मजुरीला. वर्गात ती पहिले काही आठवडे तोंडच उघडत नव्हती. मराठी चुकेल म्हणून. वहिनींनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बोलीत समजाव. आकडे सगळ्यांना कळतात." ती बोलायला लागली ती लागलीच. धुळ्याला एका कारखान्यात तिला काम मिळालं तेव्हा वहिनींनी मला फोन केला: "शुभाताई, पोरगी तुमच्याकडे राहील. खोली मिळेपर्यंत." खोली मिळाली तरी ललिता माझ्याकडेच राहिली. वहिनी गेल्या त्या दिवशी बसमध्ये माझा हात धरून तीच बसली होती, हे मला नंतर तिनंच सांगितलं.

दिवसकार्य आटोपलं आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघी पुन्हा पिंप्राळ्याला गेलो. दादा एकटा कसा असेल, ही काळजी होती. पाहतो तर मुली बाहेर रस्त्यावर लॅपटॉपच्या पिशव्या पोटाशी धरून उभ्या. आत यावं की नको, त्यांना कळत नव्हतं. दादा दारात आला. मुलींकडे पाहून म्हणाला, "उभ्या का? खुर्च्या तुम्हीच मांडा, मला तिची पद्धत माहीत नाही." ललितानं माझ्याकडे पाहिलं, ओढणी खोचली आणि फळा पुसला.

तेव्हापासून ती दर रविवारी सकाळच्या बसनं जळगावला शिकवायला जाते. दादाची ओट्याजवळ जायची कधी सवय नव्हती. आता तो मधल्या सुट्टीत सगळ्यांना चहा करतो. साखर जास्त पडते, असं मुली म्हणतात. गेल्या रविवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाज थोडा तक्रारीचा होता.

"शुभा, आज दोन नवीन पोरी आल्या गं. दूध कमी पडलं."

"मग?"

"मग काय, पुढच्या वेळी जास्त सांगून ठेवलंय."