जानूची उभी पेटी

दातिवऱ्याचा जानू लहानपणापासून मासे मारत आला. मग होडी भावाला देऊन तो तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर माळीकामाला लागला. आई येसूबाईसह बोईसरला खोली घेऊन राहिला. तिथे त्याने मासे पाळले. आम्ही जुने दोस्त; ऐकून मला हसू आलं होतं. पाहिल्यावर ते ओसरलं.

मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनिअरने ते त्याला दिले होते. सिक्लिड जातीतले, बोटाएवढे, बुटके. एक नर, तीन माद्या. माशांची काचेची पेटी मात्र साहेबाने दुसऱ्याला दिली होती.

पालघरच्या पुंजाराम काचवाल्याने विचारलं, किती लांब करू? जानू म्हणाला, लांबीचं राहू दे, खोल कर. जन्मभर त्याने पाण्याची खोलीच पाहिली होती. खोल पाण्यात मासा सुखी, एवढं त्याला ठाऊक होतं. पेटी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि दोन फूट उंच झाली.

मासे तळाशीच राहिले. वरचं सगळं पाणी रिकामं, खाली टीचभर वाळूवर मारामारी. एक मादी मेली. दुसरीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. ती वर कोपऱ्यात नुसती तरंगत राही. जानूचं जेवण सुटलं. शेजारी विचारत, यांचं कालवण कधी? तो हसत नसे.

"मारायला शिकलो, भाऊ," तो मला म्हणाला. "जगवायला कोन शिकवतो?"

त्या दिवशी येसूबाई बाजारात मासळी विकून आली. पाटी उतरवून पेटीपुढे बसली. बराच वेळ बघत राहिली.

"जान्या, ह्या खाली बसनाऱ्या. तू जागा दिलीस वर."

"मग काय करू, आये?"

"बाजारात मी आन् ती भांडखोर गोजरा शेजारी कशा बसतो? मधी पाटी उभी. तिचं तोंड मला दिसत नाय, म्हनून तर टिकलो."

फाटक्या शेपटीची मादी घंगाळात गेली, उरलेली मादी आणि नर एकेका घड्यात. पुंजारामने पेटी उकलली. त्याच काचांची लांब, बसकी पेटी झाली. एक काच उरलीसुद्धा. वाळूवर जानूने दोन करवंट्या कडेला खाच पाडून पालथ्या घातल्या, त्यांची दारं विरुद्ध दिशांना. मध्ये दगड उभा केला. उरलेली जागा नराची. वर उमरोळीच्या ओढ्यातले बारीक मासे सोडले. ते पृष्ठभागाशीच पोहतात, खालच्यांच्या वाटेला जात नाहीत.

फाटकी मादी एका करवंटीत शिरली ती बाहेरच येईना. जानू कामावरून येई आणि पेटीपुढे बसून राही. जेवण तसंच.

एका रविवारी मी गेलो. तो दारातच उभा होता. त्याने मला हाताला धरून आत नेलं.

करवंटीच्या दारात ती होती. हळदीसारखी पिवळी झालेली. शेपूट भरत आली होती. नर जवळ आला, तिने त्याला हाकललं. तिच्या मागे वाळूवर धुरळा हलल्यासारखं झालं. ती पिल्लं होती.

येसूबाई सुकट निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "बसली का बया जागेवर?"

"बसली."

मग जानूने ताट मागितलं. सुकटीचं कालवण होतं. तो पोटभर जेवला.