मुकादमाचं बोट

यवतमाळच्या एका जिनात कापसाच्या गाठी मोजून घेणाऱ्या विठ्ठलराव मुकादमांना बोट उगारल्याशिवाय बोलता येत नसे. त्या बोटापायीच त्यांच्या घनश्यामचं लग्न अडलं होतं. मुलगा गुणाचा, पण असल्या सासऱ्याच्या हाताखाली पोर कशी द्यायची, म्हणून दोन घरांनी नकार कळवला होता. उरलं होतं पैनगंगेतल्या बेटावर डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, लावणाऱ्या मारोती भोयाचं घर. त्यांची रीत अशी, की सोयरीक जुळवायला येणाऱ्यानं एक रात्र वाळूवर काढायची. विठ्ठलराव आजवर नदीवर कधी झोपले नव्हते. तरी एकसष्ट सालच्या वैशाखात ते कोट घालून डोंग्यात बसले.

बेटावर कुणालाच कसली घाई नव्हती. नदीलाही नव्हती.

"जेवण किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

"भूक लागली म्हंजे," मारोती आडवा होता, तसाच म्हणाला.

"अन् भूक कधी लागते?"

"ते तुमाले मालूम, पाव्हणे."

उन्हं उतरल्यावर त्यांना वेल दाखवायला नेलं. पानांआड कोवळी डांगरं निजली होती. मुकादमांचं बोट आपसूक वर गेलं आणि मोजणी सुरू झाली.

मारोतीची बायको तानाबाई घागर टेकवून खाली बसलीच. "अवो पाव्हणे, कोवळ्या फळाले बोट दाखवते का कोनी? सडते ना ते. चावा आता."

दाखवणाऱ्यानं स्वतःचं बोट चावायचं, म्हणजे फळ वाचतं, असा वाडीचा नेम होता.

"मी? सगळ्यायसमोर?"

तानाबाई नवऱ्याकडे वळली. "मोठं मानूस दिसते. आपल्या कौसल्याचं कसं होईन याच्याजवळ?"

कौसल्या पदराआड हसत होती. विठ्ठलरावांनी हात कोटाच्या खिशात घातले. सोयरिकीचं बोलणं तिथंच थांबलं. रात्री मासोळीचं कालवण झकास होतं, पण ते कुणी गोड शब्दानं वाढलं नाही.

उजाडताना विठ्ठलराव एकटेच वेलांकडे गेले. मोजलेल्यांतलं एक डांगर पिवळं पडलं होतं. हात लावला, तर देठासकट हातात आलं. पाणी जवळच होतं. टाकलं असतं, तर कुणाला कळणार होतं? पण कुणाचं तान्हं पोर धरावं तसं ते धरून मुकादम उभे राहिले. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बोट चांगलं करकचून चावलं.

"लागलं का जी?"

मागं कौसल्या उभी होती.

"हे माह्याच्यानं गेलं, बाई," त्यांनी डांगर पुढं केलं. "तुह्या मायले मीच सांगतो."

"ते तं परवापासूनच पिवळं आहे. कीड लागलती."

"मंग काल काहून नाही बोलली?"

"तुमी चावता का नाही, पाहून राह्यलती."

ती हसत झोपडीकडे पळाली. मुकादम पोचेपर्यंत गोष्ट तिखटमीठ लावून सांगून झाली होती. तानाबाईनं पोरीला एवढंच विचारलं, "तुले भेव वाटते का याचं?"

"काल वाटलं होतं, थोडंसंक."

तानाबाईनं एक पिकलेलं डांगर ओढलं, गुडघ्यावर ठेवून कापलं आणि पहिली फोड पुढं केली. "घ्या, इवाईबुवा."

विठ्ठलरावांनी कोट काढला, वाळूत मांडी घातली. व्याह्याच्या मानाची ती फोड लगेच संपली. 'इवाईबुवा' पुन्हा एकदा ऐकायला मिळावं, म्हणून त्यांनी दुसरी मागितली.