सरक वं माय, होते जागा

"सरक वं माय, होते जागा." हे वाक्य ती तोंडाने कमी आणि तळहाताने जास्त म्हणायची. गाडीच्या मागच्या फाळक्याशी उभी राहून आत बसलेल्या बाईच्या मांडीवर एक चापट मारायची, आणि खरोखर चार बोटं जागा व्हायची. त्या चार बोटांत ती एक आख्खी बाई, तिचा डबा आणि पाण्याची बाटली बसवायची.

वर्धा जिल्ह्यात जाम गावाच्या बाजूला शेती असलेल्या कोणालाही अशी बाई माहीत असेल. सकाळी गावातल्या बाया गोळा करायच्या, मालवाहू गाडीत बसवायच्या, वावरात न्यायच्या, कामाला लावायच्या. माझ्याकडे बारा वर्षं हीच येत होती. सगळ्या तिला मामी म्हणत, म्हणून मीही. मी तिला 'तू' म्हणायची, ती मला 'तुम्ही'. माझ्याहून चार वर्षांनी मोठी असूनही. तशीच पद्धत होती.

कापूस वेचताना प्रत्येकीला आपली पात असते, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळी. मामी बांधावर उभी राहून हातातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळकं झुडूप, रोखत एकेकीचं नाव घ्यायची. जिची पात मागे राहील तिला आधी बोलणी बसत. मग पुढे गेलेल्या बाया मागे वळून तिच्या पातीत शिरत आणि तिला सोडवत. "एकीले वावरात ठेवून चहा गोड लागत नाई," मामी म्हणायची. आणि माझ्याकडे बघून, "तसा तुमचा बी लागत नाई, ताई. साखर घरीच राह्यली का जी?"

दिवाळीनंतरची गोष्ट. आभाळ भरून आलं होतं आणि फुटलेला कापूस झाडावर लोंबत होता. भिजला असता तर वाया गेला असता. मी संध्याकाळी फोन केला.

"मामी, उद्या चार बाया जास्त आण."

"कुठं बसवू जी? तेराच दाटून बसतेत."

"बसव गं. तुला काय सांगायचं."

ती हसली. "बरं. होते जागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवरून माझ्या शेताकडे वळताना गाडीवर बाजूने ट्रक आदळला. पाच बाया गेल्या. त्यातल्या दोघी मी मागितलेल्या चौघींपैकी होत्या. मामी नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी, फाळक्याला टेकून बसली होती. ती नालीत फेकली गेली, हात मोडला, वाचली. पाऊस त्या दिवशी पडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या वस्तीत गेले. विहारासमोर मंडप होता, पुढारी येऊन गेले होते, दोन अधिकारी बसले होते. गेलेल्या एका बाईचा नवरा उठून मामीसमोर आला. "मामी, इतक्या बाया काऊन भरल्या?"

मामी मोडलेला हात गळ्यात बांधून खाली बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मीच भरल्या," ती म्हणाली.

मी बोलले नाही. बोलून कोणती बाई परत येणार होती, असं मी मनाला सांगितलं. व्यवहारी माणसाला अशी कारणं लवकर सुचतात.

चौकात पाचही जणींचे फोटो असलेला मोठा फ्लेक्स लागला. एकीचा आधार कार्डावरचा फोटो होता. मामी त्याच्यासमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. "ही कोन होय? हिचं नाक असं होतं का?" पहिल्या वादळात फ्लेक्स एका बाजूने सुटला, तेव्हा तिने तो उतरवून घेतला आणि ज्या घरचं छत गळत होतं तिथे नेला. त्या घरची बाई त्या पाचांत होती. तिचा नवरा फ्लेक्स छपराच्या कवेलूंवर टाकायला निघाला, तर मामी म्हणाली, "वरतून नको. आतून बांध, तोंड खाली कर. लेकरायले निजल्यावर दिसली पायजे."

माझा कापूस तीन आठवडे झाडावर राहिला. मी त्याचा नाद सोडला होता. मग एका सकाळी बांधावरून बाया येताना दिसल्या. नऊ जणी, पायी. पुढे मामी, हात अजून गळ्यात.

ती नेहमीसारखी वावराच्या डोक्याशी उभी राहिली आणि सवयीने नावं घेऊ लागली. चौथं नाव गेलेल्या बाईचं निघालं. पऱ्हाटी त्या पातीवर तशीच रोखलेली राहिली. कोणी चूक दुरुस्त केली नाही. मामीने एक श्वास घेतला आणि पुढची नावं घेतली, सगळी, पाचही. प्रत्येकीला तिची पात दिली. नऊ जणी वेचत पुढे गेल्या. मधल्या पाच पाती पांढऱ्याशुभ्र तशाच उभ्या राहिल्या. दुपारी आपापल्या पाती संपल्यावर बाया वळल्या आणि एकेक करून त्या पाचही सोडवल्या. त्या दिवशी चहाला कोणी नाव ठेवलं नाही.

त्यानंतर मामीचं ते वाक्य बंद झालं. पुन्हा गाडी सुरू झाली तेव्हा आठ बाया बसल्या की ती फाळका लावायची. "भरली."

"मामी, थोडीशी टेकते ना वं, माहा रोज बुडते."

"उतर. भरली."

बाया चिडत. पाठीमागे बोलत, तेव्हा भरल्या आणि आता शहाणी झाली. तिच्या कानावर जात होतं. माझ्याही.

अपघाताला वर्ष झालं त्या दिवशी विहारात वंदना होती. एरवी मी दारातूनच नमस्कार करून परत फिरायची. त्या दिवशी वंदना संपेपर्यंत थांबले आणि उभ्यानेच म्हणाले, "चार बाया जास्त मी मागितल्या होत्या. मामी नाही म्हणत होती. मी ऐकलं नाही."

पंखा फिरत होता. पुढे बसलेल्या एका म्हातारीची सून त्या पाचांत होती. ती मामीकडे वळली. "तू काऊन नाई सांगतलं वं?"

"काय सांगू? गाडी तं मीच भरली ना." मग मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं सांगून? वर्ष लावलं तुमी."

मी तशीच उभी. परत फिरावं की काय ते कळेना. तेवढ्यात मामीने शेजारच्या बाईच्या मांडीवर चापट मारली.

"सरक वं माय, होते जागा."

सतरंजीवर चार बोटं जागा झाली. मी बसले. मला कोणी माफ वगैरे केलं, असं मी म्हणणार नाही. म्हातारी आजही माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि ते बरोबरच आहे.

यंदा पोळ्यानंतर मामी गेली. छातीत दुखलं, आणि वर्ध्याला नेईपर्यंत संपलं.

पहिल्या वेचणीला बाया आल्या, आठच. आता नावं त्या म्हातारीची नात घेते. तिने प्रत्येकीची पात दाखवली, आणि शेवटी बांधालगतच्या पातीवर पऱ्हाटी रोखून म्हणाली, "ही मामीची."

माझ्या हातात चहाची किटली होती. ती मी खाली ठेवली, कमरेला कापसाची ओटी बांधली आणि त्या पातीत शिरले. मला वेचता येत नाही. बोटांना बोंडाची टोकं लागतात, कापसाला कचरा येतो. दुपारपर्यंत निम्मी पातही झाली नव्हती.

मग समोरच्या टोकाला पऱ्हाट्या हलल्या. बाया मामीच्या पातीत शिरल्या होत्या आणि वेचत वेचत माझ्याकडे येत होत्या.