कोल्ड रूममधली तीन गाणी

तिला सगळे भोंगाताई म्हणत. हे नाव तलावावरच्या पोरांनी ठेवलेलं. तलाव बंदिस्त होता आणि वर उंच पत्र्याचं छप्पर होतं. खाली पोरांचा हा कालवा चाललेला असायचा, आणि त्या सगळ्याच्या वरून, "पाय मार! गुडघ्यातून नाही, मांडीतून मार!" असा तिचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा. खोल पाण्याकडे सटकणारं पोर त्या आवाजासरशी जागच्या जागी थबकायचं. पोहायला शिकवणारे तिथे आणखीही होते, पण त्यांना शिट्टी लागायची. हिला कधी लागली नाही.

संध्याकाळी हाच आवाज गाण्यात जायचा. शेजारीपाजारी ज्याला गाणं म्हणतील असलं ते गाणं नव्हे. तिघांचा रॉक बँड होता. ती गायची, धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा आणि गिटारवर असायचा वकील. वकील म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढला नव्हता, पण "आज उकडतंय" एवढं म्हटलं तरी दोन्ही बाजू मांडायचा, म्हणून वकील. त्याच्या वर्कशॉपात, दारं काढून ठेवलेल्या फ्रिजांच्या रांगेत त्यांचा सराव चाले. कॉम्प्रेसरची घरघर सुरात बांधायची, पत्र्यावर साखळी ओढायची, गाणं मध्येच तोडून तिसरीकडूनच सुरू करायचं, असले त्यांचे उद्योग. पहिला अल्बम फार लोकांनी ऐकला नाही, पण ज्यांनी ऐकला ते दुसऱ्याची वाट बघत होते. आता एका कंपनीने नव्या अल्बमचे डेमो मागवले होते. डेमो म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, गाणं काय आहे ते कळण्यापुरतं. तीन गाण्यांचं वादन भरून झालं होतं. त्यांवर फक्त तिचा आवाज चढवायचा राहिला होता.

आणि नेमका तिचा घसा बसला. बसला तो उठेचना.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून स्वरयंत्र पडद्यावर दाखवलं. एका स्वरतंतूवर गाठ होती.

"काढावी लागेल," बाई म्हणाल्या. "काढल्यावर तपासायला पाठवू. तोवर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो. आणि गाण्याचं तर नावच काढू नका."

"नंतर?" तिने खरखरत विचारलं.

"आवाज येईल. पण हाच येईल असं मी सांगू शकत नाही."

बाहेर बाकावर धाकटा बसला होता. तिचा चेहरा बघूनच तो उठला. आई गेली तेव्हा तो शाळेत जायचा. त्याचे डबे, त्याचे ताप, त्याची दुखणीखुपणी सगळं तिनेच काढलं होतं. त्याला पोहायलाही तिनेच शिकवलं, आणि ड्रमच्या काठ्या पहिल्यांदा हातात दिल्या त्याही तिनेच. बाईंचं बोलणं त्याने आत जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकलं.

ऑपरेशनची तारीख ठरली. तलावावर तिने शिट्टी घेतली. पहिल्या दिवशी पोरांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "ताई, ओरडा ना. शिट्टीची भीती नाही वाटत." ती हसली, पण कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. आवाज गेला तर आपल्यापाशी उरतं काय, हा विचार तिने आजवर केला नव्हता. आता तो पाठ सोडत नव्हता.

घरात खाणाखुणांनी कारभार चालला होता. वकील भेटायला आला, तर त्यालाही मांडायला बाजू सापडेना. "डेमो थांबतील ताई," एवढंच म्हणाला. "कंपनीला सांगतो मी."

तिने मान हलवली. नाही. मग मोबाईलवर लिहून त्याच्यापुढे धरलं, "रविवारी दुपारी. कोल्ड रूम तयार ठेव."

धाकट्याने ते वाचलं आणि ताट सरकवून उठला. "तुला वेड लागलंय का? तीन गाण्यांसाठी आवाज घालवशील?"

तिने पुन्हा लिहिलं, "तो जाणारच असेल तर?"

"जाणारच असं कोणी सांगितलंय? बाईंनी काय सांगितलं ते मीही ऐकलंय!"

त्यावर तिने फोन उपडा ठेवला. तिचं ठरलं की ठरलं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

वर्कशॉपच्या मागे एक बंद पडलेली कोल्ड रूम होती. जाड भिंती, वीतभर जाडीचं दार. आत आवाज केला की तो तिथल्या तिथे विरायचा, म्हणून गायचं ते तिथेच. रविवारी ती आली तेव्हा वकिलाने आत माइक लावून ठेवला होता आणि धाकटा दारात आडवा उभा होता.

"मी आत जाऊ देणार नाही," तो म्हणाला. "काय करायचं ते कर."

ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. वकील वायरी गुंडाळायच्या निमित्ताने लांब गेला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बोलली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

"गाठीत काय आहे, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. उद्या उठून बोलताच येईना, तर आज गप्प बसले याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावर काढायचा?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बाजूला झाला. "एकेक गाणं एकदाच," तो म्हणाला. "चुकलं तर चुकलं. पुन्हा नाही."

तिने मान डोलावली आणि दार आतून ओढून घेतलं.

पहिलं गाणं खालच्या सुरातलं होतं, ते निभावलं. दुसऱ्यात दोन जागी आवाज फाटला, पण त्या फाटण्यालाही काहीतरी धार होती. बाहेर वकील हेडफोन दाबून धरून बसला होता. धाकटा मात्र कॉम्प्युटरवरच्या, आवाजाच्या हलत्या रेघांकडे अशा नजरेने बघत होता, की जणू दवाखान्यातलं यंत्रच समोर आहे.

तिसऱ्या गाण्यात शेवटाला एक लांब किंकाळी होती. गाणं सगळं त्या किंकाळीकडेच चढत जायचं. तिने ती उचलली, वर नेली, आणि मध्येच आवाज बंद पडला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. हेडफोनमध्ये नुसता श्वास, फाटका, चिंधीसारखा.

धाकट्याने खुर्ची लोटली, धावत जाऊन दार उघडलं. ती माइकसमोर तशीच उभी होती. एक हात गळ्यावर. दुसऱ्या हाताचं बोट तिने त्याच्यापुढे धरलं, थांब. तोंड उघडंच होतं आणि त्यातून आवाजाविना गाणं चाललं होतं. शब्द येत होते, सूर नव्हता. तिच्या ओठावर लाल ठिपका दिसला. माइक उचलून फेकावा असं त्याला वाटलं. त्याचा हात पुढे झालाही. पण तिचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते, आणि त्यांत विनवणी होती. आयुष्यात तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

त्याने मागे हात नेऊन दार लावून घेतलं आणि आतच, तिच्या शेजारी, श्वास रोखून उभा राहिला. गाणं संपेपर्यंत हलला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई खूप रागावल्या. सगळं बोलणं धाकट्याने ऐकून घेतलं, कारण तिला तर उत्तर द्यायची सोयच नव्हती. ऑपरेशन झालं. गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून जेवत आणि काय जेवलो ते दोघांनाही आठवत नसे. रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. धाकट्याने कागद दोनदा वाचला आणि मग भिंतीला टेकून खालीच बसला.

मग आवाजाची वाट बघणं. तो आला, पण दुसराच आला. खालचा, जाडसर, वर जाताना मध्येच पोकळ होणारा. तलावावर तिने पहिल्यांदा "पाय मार!" म्हटलं तेव्हा पोरांनी दुसरंच कोणी आलं म्हणून मागे वळून पाहिलं.

दरम्यान वकिलाने डेमो पाठवले होते. कंपनीचं म्हणणं आलं, तिन्ही गाणी अशीच्या अशी घ्या, पुन्हा गाऊ नका.

"बरोबर आहे त्यांचं," वकील म्हणाला. "असला आवाज परत मिळायचा नाही ताई."

"म्हणजे आता मी काय करू? त्या जुन्या आवाजाच्या बाईच्या नावावर फोटो काढून घेऊ?" ती कडाडली. आवाज पोकळ झाला, पण थांबला नाही. "ती गेली. मी आहे इथे. पहिली दोन मी गाणार."

"आणि तिसरं?"

उत्तर धाकट्याने दिलं. "तिसरं राहू दे. ते पुन्हा गायला मी तिला त्या खोलीत जाऊ देणार नाही. आणि या वेळी खरंच नाही."

त्यावर कुणी वाद घातला नाही, वकिलानेही नाही.

पहिलं गाणं नव्या आवाजात बसायला फार दिवस लागले. जिथे पूर्वी ती उडी मारून पोहोचायची, तिथे आता जिना चढावा तसं चढावं लागे. ती चुकायची, स्वतःलाच शिव्या घालायची, पुन्हा उभी राहायची. धाकट्याने तिच्यासाठी ठेका जरा संथ केला. तिने लगेच ओळखलं आणि त्याला झापलं. त्याने तो पूर्ववत केला.

अल्बम निघाला. लोक येऊन तिसऱ्या गाण्याचंच बोलतात. शेवटी आवाज बंद पडतो ते मुद्दाम केलंय का, असं विचारतात. वकील त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगतो. धाकटा ते गाणं लागलं की बाहेर जाऊन उभा राहतो. आणि भोंगाताई म्हणते, "पहिलं ऐकलंत का? ते ऐका आधी. ते मी गायलंय."