लाडमेलटन बोटीचा आगवाला

ज्या गावानं समुद्र बघितला नाही त्या गावात समुद्राची गोष्ट सांगू नये. सांगितली की उखर्डू आबासारखी गत होते.

गाव खानदेशात, नरडाण्यापासून चार कोसांवर. पाणी म्हणाल तर एक नाला आणि एक गावतळं. त्या तळ्यात मुठीएवढा एक पक्षी सारखा डुबक्या मारायचा, त्याला गाव पाणबुडी म्हणायचं. आणि त्रेचाळीस साली, ऐन लढाईत, वीस वर्षांचा उखर्डू आफ्रिकेहून नुसता हाडांचा सापळा होऊन परत आला, पारावर टेकला आणि म्हणाला, "आमनी बोट पाणबुडीनी बुडाई."

मग चुडामण तेली, जो कोणत्याही मयतीला जाऊन विनोद करील असा माणूस, तो मान वाकडी करून म्हणाला, "एवढीशी पाणबुडी नि एवढी मोठी बोट? मंग कोंबडीनी इमान पाडं का, भो?"

झालं! हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. उखर्डू तळमळून सांगत राहिला की ही पाणबुडी लोखंडाची असते, तिच्यात माणसं बसतात, पाण्याखालून ती बॉम्ब सोडते. जितकं सांगावं तितकं हसू. त्या दिवसापासून त्याचं नाव पाणबुडी पडलं ते पडलंच. पुढं गावात शाळा आली, रेडिओ आला, दोन लढाया झाल्या, पोरासोरांनाही पाणबुडी म्हणजे काय ते कळलं. गावाची समजूत सुधारली, पण नाव काही सुटलं नाही. पहिलंच नाव असं, की आधीची तीन भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललेला, म्हणून उखर्डू. त्यावर हे दुसरं. माणूस चिडका होणार नाही तर काय होईल!

आणि चिडका तरी किती! कापसाच्या जीनमध्ये तीस वर्षं बॉयलरवर होता. कोणी मागून "पाणबुडी" म्हटलं की हातातलं फावडं घेऊन धावायचा. त्याची बायको भिकुबाई कपाळावर हात मारायची. "तुम्ही चिडतस म्हनीसन त्या चिडवतस," ती म्हणायची. तिचं खरं होतं, पण रागाला कधी कोणी लगाम घातलाय?

खरं सांगायचं तर गावाचं हसू आबानं पचवलं होतं. त्याला पचलं नव्हतं ते धुळ्याचं. धुळ्यात मौलवीगंजमध्ये हसीनाबी राहायची, विणकरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचा नवरा नूर महंमद. यानंच उखर्डूला मुंबईला नेलं, गोदीत ओळख काढली आणि लॉर्ड मेल्टन नावाच्या मालबोटीवर चढवलं. उखर्डूच्या तोंडी ती लाडमेलटन. दोघंही आगवाले, म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचा. बोट बुडाली त्या दिवशी दुपारची पाळी उखर्डूची होती. पण त्याला सणकून ताप भरला, दात वाजायला लागले. नूर म्हणाला, "तू पड, मैं जाता," आणि त्याच्या जागी खाली उतरला. तीनच्या सुमाराला पाणबुडीचा मारा बसला तो नेमका बॉयलरच्या अंगाला. उखर्डू वर होता म्हणून पाण्यात फेकला गेला आणि जगला. खालचा एकही माणूस वर आला नाही.

हे सगळं त्यानं हसीनाबीला परत आल्याच्या आठव्या दिवशी जाऊन सांगितलं. पाळी माझी होती, हेसुद्धा लपवलं नाही. ती तेव्हा अठराची, लग्नाला वर्ष झालेलं. ऐकून ती रडली. तिचा भाऊ मुंबईला गेला आणि कंपनीच्या कचेरीत विचारून आला. तिथल्या कारकुनानं वही उघडून सांगितलं, "नूर महंमद ना? तो वाचलेल्यांत आहे. मुंबईत उतरून घरी गेलाय."

घरी? कुठल्या घरी? भावानं डोकं धरलं. मोहल्ल्यानं आपला हिशोब केला: बुवा वाचला, घरी आला नाही, म्हणजे दुसरीकडं संसार मांडला. आणि हा उखर्डू, जिवाभावाचा दोस्त, त्याच्या पापावर पांघरूण घालतोय. हसीनाबीचे डोळे त्या दिवसापासून कोरडे झाले. ती म्हणाली, "वो मरा नहीं, उखर्डूभाई. मला टाकून गेला. तू झूट बोलतो."

चव्वेचाळीस वर्षं! दर ईदेनंतरच्या रविवारी आबा एस.टी.नं धुळ्याला जायचा, हसीनाबी त्याला चहा द्यायची, शिरखुर्मा द्यायची, आणि आबा उठताना म्हणायचा, "भाभी, नूर गया. अल्लाकसम गया." ती कांडीवरून नजर न काढता म्हणायची, "तेरा दोस्त है, तू तो बोलेगाच." दुसरा निकाह तिनं केला नाही. नवऱ्याच्या नावानं फातिहाही पढवली नाही. विधवा म्हणावं तर नाही, सवाष्ण म्हणावं तर नाही. तिला वाटायचं आपल्यातच काही खोट होती, म्हणून तो गेला. आबाला नेमकं हेच सोसत नव्हतं. परतीच्या वाटेवर तो त्या मुंबईच्या कारकुनाला अशा शिव्या घालायचा की शेजारचा प्रवासी जागा बदलायचा.

शहाऐंशी साली काय झालं, आबाच्या गावचे जीवराम मास्तर, जे धुळ्याच्या देवपूरला हायस्कुलात शिकवायचे, त्यांनी पेपरात एक बातमी वाचली. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुड्या मारणाऱ्या माणसांनी समुद्रात उतरून लढाईतली एक मालबोट शोधून काढली होती, नाव लॉर्ड मेल्टन. मास्तर सुट्टीला गावी आले तेव्हा त्यांनी ती बातमी पारावर मोठ्यानं वाचून दाखवली. चुडामण तेली आता म्हातारा झालेला, तोंडाचं बोळकं. तोसुद्धा गप्प बसला. आबा मात्र मास्तरांवरच खेकसला, "माले कसाले दखाडतस? माले माहीत शे! त्यास्ना कागद मांगा, मेल्ता त्यास्ना कागद!"

मेलेल्यांचा कागद. आबाला तेवढंच पाहिजे होतं. छापील, शिक्क्याचा कागद, ज्यावर नूर महंमद मेला असं लिहिलेलं असेल, आणि तो हसीनाबीच्या हातात द्यायचा. मास्तरांनी विलायत सरकारला इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. उत्तर आलं की हे खातं आमच्याकडं नाही, अमक्या पत्त्यावर लिहा. तिथं लिहिलं तर तिथून उत्तर आलं की पहिल्या पत्त्यावर लिहा. आबा दर आठवड्याला देवपूरला खेटे घालून मास्तरांचं डोकं खायचा. दहा महिन्यांनी एक जाड पाकीट आलं आणि मास्तरांनी निरोप धाडला.

पाकिटात एक फोटो होता आणि दोन टाइप केलेले कागद. फोटो आबानं आधी उचलला. हिरवट, गढूळ पाणी, आणि त्यात बॉयलर उभा, वीटभट्टीएवढा, अंगावर शेवाळं चढलेलं. भट्टीची तीन तोंडं मात्र ओळखू येत होती. आबानं मधल्या तोंडासमोर बोट ठेवलं.

मास्तरांनी कागद वाचायला घेतला. वाचता वाचता थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"काय व्हयनं? वाचा ना!"

"आबा, यात... यात मेलेल्यांमध्ये तुमचं नाव आहे. आगवाला उखर्डू, पोस्ट नरडाणा. आणि नूर महंमद हा या दुसऱ्या कागदावर आहे, वाचलेल्यांच्या. ताप होता, शुद्धीवर नव्हता, कोटाच्या खिशातल्या नळीवरून ओळख पटली, असं लिहिलंय."

नळी म्हणजे खलाशाची नोकरीची वही. नूरनं खाली उतरताना आपला कोट काढून तापानं कुडकुडणाऱ्या उखर्डूच्या अंगावर टाकला होता. तो अंगात घालूनच उखर्डू पाण्यात पडला. पुढचं त्याला अंधुक आठवत होतं: कुठल्याशा बंदरावरचा दवाखाना, पांढऱ्या कपड्यातला गोरा माणूस, हातात भिजलेली वही, आणि सारखं विचारणं, "नूर महंमद? नूर महंमद?" उखर्डूला वाटलं, हरवलेला कोण ते विचारतायत. तो तापातसुद्धा जिवाच्या आकांतानं मान हलवत ओरडत होता, "हां साहेब! नूर महंमद! नूर महंमद!" मुंबईत अंगठा घेतला, गाडीत बसवलं. कागदावर नाव कुणाचं, ते अंगठ्याला काय कळतंय?

"मीच सांगं," आबा पुटपुटला. "मास्तर, मीच सांगं त्यास्ले."

ज्या कारकुनाला चव्वेचाळीस वर्षं शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्यानं वहीत होतं ते वाचलं होतं. आबानं रागानं स्वतःच्या मांडीवर मूठ हाणली, आणि पुन्हा हाणली. मास्तर घाबरून म्हणाले, "आबा, शांत व्हा. आपण दुरुस्तीचा अर्ज करू. तुमचं प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार..."

"बठ्ठा साक्षीदार समुद्रना तळले शेतस, मास्तर!"

आबानं कागद, फोटो सगळं उचललं आणि कोणती यादी कुठली तेवढं विचारून घेतलं. मास्तरांनी दोन्ही नावांखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारून दिली. भर उन्हात आबा पांझरा नदीचा पूल ओलांडून चालत मौलवीगंजला गेला. वाटभर त्याचं ठरलेलं होतं, खरं काय ते सांगायचं. खोटं तो कधी बोलला नव्हता, त्या एका गोष्टीचा त्याला माज होता.

हसीनाबी दारात कांड्या भरत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, बोटांच्या अंदाजानं काम चालायचं. आबाची चाहूल लागताच म्हणाली, "आज कसा आलास? ईद तर झाली."

"भाभी, कागद आया. सरकारी."

तिची बोटं थांबली. रहाटाचं चाक आपोआप फिरत फिरत बंद पडलं. आबानं पाहिलं, तिनं श्वास रोखून धरलाय. अठराव्या वर्षी तिनं असाच धरला असेल, त्या कारकुनाचा निरोप ऐकताना.

"कुठं आहे त्याचं नाव?" शेवटी ती म्हणाली.

आबानं तिचं बोट हातात धरलं आणि मेलेल्यांच्या यादीतल्या लाल रेघेवर, स्वतःच्या नावावर टेकवलं.

"हे. नूर महंमद. मयत."

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदा, दोनदा. मग ओढणी तोंडात धरून ती जी रडायला लागली, ती शेजारणी धावत आल्या तरी थांबेना. "मला टाकलं नव्हतं त्यानं," ती म्हणत होती. "सुनो, मला टाकलं नव्हतं."

आबा बघत राहिला. चव्वेचाळीस वर्षं गळा फोडून खरं सांगितलं तर कुणी ऐकलं नाही, आणि आयुष्यातली पहिली थाप मारली तर ती अशी चटकन बसली! त्याला इतका संताप आला की कागद टराटरा फाडावासा वाटला. पण हात उचलेना.

बऱ्याच वेळानं हसीनाबी शांत झाली. कागद मागू लागली, कुराणात ठेवते म्हणाली. मोहल्ल्यात इंग्रजी वाचणारी पोरं पैशाला पासरी. "तो मास्तरला परत द्यायचा आहे," असं सांगून त्यानं तिच्या हातात फोटो दिला. "हे घे. ही त्याची जागा. इथं उभा होता."

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. तिला काय दिसलं कोण जाणे.

"और तू?" तिनं विचारलं. "कागदात तुझं काय लिहिलंय?"

"मी? मी वाचलो म्हणून लिहिलंय."

"अच्छा हुआ," हसीनाबी म्हणाली आणि चाचपडत त्याचं मनगट धरलं. "भाई, अच्छा हुआ, तू तो बचा."

आबाला एवढी वर्षं हे कुणीच म्हटलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि लाल रेघांचे ते दोन्ही कागद घट्ट गुंडाळून सदऱ्याच्या आत कोंबले.